बुखारीचा पहारा

गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमाराला साताऱ्याकडून फोन आला. आमच्या पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. आवाज नेहमीचा नव्हता.

"साहेब, सूनबाई न्हाणीघरात पडली होती. गॅसचा गीझर. दार मोडून बाहेर काढली. दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय, आता बोलतीय." मग थोडं थांबून म्हणाले, "दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती पोरगी. आम्ही म्हणलं, सर्दी असंल. साहेब, तीच गोष्ट की हो."

तीच गोष्ट म्हणजे कोणती, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. मी ती लिहायची अठरा वर्षं टाळली. आज लिहितो, पण जरा लांबून सुरुवात करतो, कारण ही गोष्ट आमच्या दोघांपेक्षा बरीच जुनी आहे.

ज्यांनी लडाख-काश्मीर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी बुखारी म्हणजे काय ते सांगतो. पत्र्याचा एक उभा पिंप, आत एक भांडं, वर छतातून बाहेर गेलेला पाइप. लाकडाची असते, कोळशाची असते. फौजेत बहुतेक रॉकेलची. बाजूला टांगलेल्या टाकीतून नळीवाटे थेंब थेंब रॉकेल भांड्यात पडतं आणि जळतं. आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. पाण्याऐवजी खोली तापवायची, एवढाच फरक. नाव आलंय 'बुखार' या शब्दावरून. मूळ अरबीत त्याचा अर्थ वाफ. हिंदीत तो ताप झाला. पुण्यात वाढलेल्या मला एनडीएतून बाहेर पडेपर्यंत या वस्तूचं नावसुद्धा माहीत नव्हतं. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरात आठ दिवस स्वेटर.

बुखारी नसली तर काय होतं, याचा सर्वांत भयानक दाखला १८४१ सालचा आहे. जम्मूच्या गुलाबसिंहांचा सेनापती जोरावर सिंह लडाख जिंकून त्या वर्षी पश्चिम तिबेटात घुसला. रुदोक, गारतोक घेत मानसरोवराच्या पुढे तकलाकोटपर्यंत गेला. उन्हाळ्यात सगळं सोपं वाटलं. मग खिंडी बर्फाने बंद झाल्या, ल्हासाहून फौज आली, आणि जम्मू-लडाखच्या पाच-सहा हजार माणसांना तेरा हजार फुटांच्या आसपास, उघड्या पठारावर, डिसेंबर काढायची वेळ आली. अलेक्झांडर कनिंगहॅम काही वर्षांनी लडाखात गेला होता. त्याच्या १८५४ च्या ग्रंथात या मोहिमेची हकिगत आहे. जळणाला तिथे एक काटेरी झुडूप तेवढं मिळायचं. त्यातून ऊब कमी आणि धूरच जास्त. हाताची, पायाची बोटं गेलेली माणसं सगळीकडे. आणि काही शिपायांनी थोडा वेळ ऊब मिळावी म्हणून आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. शिपाई आपलं हत्यार जाळतो म्हणजे त्याने उद्याची लढाई मनातून सोडून दिली आहे; त्याला फक्त आजची रात्र हवी आहे. बाहेरच्या माणसाला हा बेशिस्तपणा वाटेल. उणे तीसमध्ये पहारा केलेल्या कुणालाही वाटणार नाही. १२ डिसेंबरला जोरावर सिंह पडला तेव्हा त्याच्या निम्म्या माणसांच्याही हातात शस्त्र धरण्याची ताकद उरली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत हा तिबेटी सैन्याचा विजय म्हणून येतो आणि तो होताच. पण जळण संपलं त्या दिवशीच अर्धी लढाई झाली होती.

मराठी वाचकाला यासाठी तिबेटात जायची गरज नाही. पानिपतावर भाऊंची छावणी कोंडली गेली तेव्हा भुकेइतकाच जळणाचाही तुटवडा होता. लाकूडफाट्यासाठी रात्री छावणीबाहेर पडलेल्या बाजारबुणग्यांना शहापसंदखानाच्या स्वारांनी गाठून कापून काढलं, असं काशीराजाने लिहून ठेवलं आहे. आपण पानिपत विश्वासरावांच्या गोळीपासून सांगतो. सरपणापासून कुणी सांगत नाही.

तर थंडी मारते, हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं कळायला माणसाला फार वेळ लागला, कारण ते दिसत नाही आणि त्याला वास नाही.

जळण अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, आणि माणूस आतून गुदमरत असतो. ब्रिटनमध्ये हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगून लक्षणं लिहून काढली. पुढे खाणीत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत आली ती त्याच्याच शिफारशीमुळे. ते चिमुकले पक्षी माणसाच्या आधी कोसळतात.

शास्त्र माहीत होऊनही माणसं मरत राहिली. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये आपल्या झोपायच्या खोलीत गेला. खोलीत कोळसा पेटवलेला, धुराडं तुंबलेलं. रात्री दोघं नवराबायको मळमळून उठले. बायको नोकरांना हाक मारू म्हणाली. झोला म्हणाला, राहू दे, होईल बरं. सकाळी तो गेलेला होता, ती वाचली. "होईल बरं" हे शब्द लक्षात ठेवा.

त्याहून मला जवळचा वाटतो तो अमेरिकन नौदलाचा रिचर्ड बर्ड. १९३४ च्या हिवाळ्यात हवामानाच्या नोंदी घ्यायला तो अंटार्क्टिकावर एका बर्फात गाडलेल्या झोपडीत एकटा राहिला. मुख्य तळ दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर आणि चार महिने सूर्य नाही. स्टोव्हच्या पाइपचे सांधे गळके, झरोके बर्फाने बुजणारे. ३१ मे रोजी बिनतारी यंत्राचा जनरेटर बोगद्यात चालू असताना तो कोसळला. त्यानंतरचे दोन महिने त्याच्यापुढे रोज एकच पेच: स्टोव्ह चालू ठेवला तर विष, बंद केला तर गोठणं. तो दिवसाचे कित्येक तास स्टोव्ह बंद ठेवून झोपायच्या पिशवीत पडून राही आणि भिंतींवर बर्फ चढताना पाही. आपल्याला सोडवायला माणसं काळोखात निघू नयेत म्हणून आजार लपवून तो संदेश पाठवत राहिला. पण संदेश विस्कळीत होत गेले आणि तळावरच्यांना शंका आलीच. ऑगस्टमध्ये तिघे जण पोचले. बर्डचं सगळंच मला पटतं असं नाही. एकट्याने राहण्याचा हट्ट मुळात चुकीचा होता. पण थंडी आणि विष यांचा रोजचा हिशेब करून, त्यातली थंडी निवडून जगलेला माणूस म्हणून मी त्याला मानतो.

आता आमची गोष्ट.

पूर्व लडाखमधली चौकी, उंची पंधरा हजार फुटांच्या वर, जानेवारी. मी कॅप्टन, नऊ माणसांसह. दोन दिवस वादळ होतं. बंकरच्या भिंतीत वर एक वीतभर झरोका होता, त्यातून बर्फाची भुकटी थेट माझ्या बिछान्यावर येत होती. पहिल्या संध्याकाळी मी पोत्याचा एक तुकडा घेतला आणि तो झरोका बंद केला. मीच. कुणाला सांगितलंही नाही, इतकी ती साधी गोष्ट वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी माझंही. उंचीवर डोकेदुखी म्हणजे रोजचं जेवण. सगळ्यांना गोळ्या दिल्या, पाणी प्या म्हणालो. खरं तर खूण तिथेच होती. उंचीचा त्रास सगळ्यांना एकाच वेळी, एकाच खोलीत होत नाही. आणि पहाऱ्यावर तास-दीड तास उघड्यावर उभं राहून आलेल्या माणसाला बरं वाटत नाही. आमच्यात नेमकं तेच चाललं होतं: बाहेर जाणारे टवटवीत, आत झोपणारे मलूल. मी ते पाहत होतो आणि मला ते दिसत नव्हतं.

रात्री दोन वाजता पहारा बदलायला नाईक आत आला. तेच हे हवालदार. बाहेरच्या स्वच्छ हवेतून आलेल्या नाकाला रॉकेलचा कोंदट वास लागला. बुखारीची निळसर ज्योत पिवळी, काजळी सोडणारी झालेली. वर पाइपची टोपी बर्फाने बुजली होती. दोन हाका मारूनही कुणी उठेना, तेव्हा तो बुखारीकडे गेला नाही, आमच्याकडेही आला नाही. आधी लाथेने दार सताड उघडलं आणि काहीतरी अडकवून ते तसंच ठेवलं. मग नळीचा कॉक बंद केला. मग एकेकाला बगलेत धरून बाहेर ओढलं, उणे पंचवीसमध्ये, झोपायच्या पिशवीसकट. शेवटी वर हात घालून पोतं उपटलं. पोतं हातात घेऊन त्याने माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं. बोलला काहीच नाही.

तो क्रम पुढे मी शेकडो जवानांना शिकवला, आणि घरालाही तोच लागू आहे. आधी दार. मग इंधन बंद. मग माणूस बाहेर. कारण तुम्ही माणसाला उचलत बसलात तर पाच मिनिटांत तुम्हीही त्याच्या शेजारी असता. आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही. हा वायू साध्या हवेत रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो. शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात निम्मा होतो. आमच्याकडे चौकीवर एकच सिलिंडर होता. तो सर्वांत तरुण शिपायाला लावला, कारण तो उठतच नव्हता. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आलं.

तो वाचला. पण पुढच्या काही आठवड्यांत त्याला नावं आठवेनाशी झाली, मोजताना आकडे सुटायला लागले. या वायूचा मेंदूवरचा परिणाम कधीकधी असा उशिरा दिसतो. त्याला हलक्या कामावर टाकावं लागलं. डोंगरावर तो पुन्हा आला नाही.

मी कमांडिंग ऑफिसरांना पोत्याबद्दल सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत पलटणीच्या प्रत्येक चौकीवर चालत जायचं आणि प्रत्येक जवानाला ही गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायची, आपलं नाव घालून. एवढीच शिक्षा. जोरावर सिंह, झोला, बर्ड हे सगळं मी त्यासाठीच वाचायला लागलो. नुसत्या स्वतःच्या मूर्खपणावर अर्धा तास बोलणं जड जायचं.

त्या चौक्यांवर आणखी बरंच पाहिलं. बुखारी विझली की लगेच काडी लावणारे वीर सगळीकडे भेटले. तापलेल्या भांड्यात रॉकेल ठिबकत राहतं, त्याची वाफ साचते आणि काडी लावताच भडका तोंडावर येतो. किती भुवया मी जळलेल्या पाहिल्या! कॉक बंद करून, दार उघडून, भांडं हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, दुसरा उपाय नाही. आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत, तपासणीत त्यांना पूर्ण गुण मिळत. एका चौकीवर मी बादली उपडी केली तर आतून विटेसारखा एकच गोळा पडला. वाळू ओली होती, गोठली होती. रॉकेलच्या आगीवर पाणी तर टाकता येत नाहीच.

आता साधनं सुधारली आहेत. डीआरडीओची 'हिमतापक' ही नवी बुखारी नेमकी भडका आणि विषारी वायू हे दोन धोके टाळण्यासाठी बनवली. सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहणारा तंबू दाखवला, ज्यात रात्री काही जाळावंच लागत नाही. पण उंचावर आग ही आगच राहते. १९ जुलै २०२३ रोजी सियाचिनमध्ये आग लागली तेव्हा कॅप्टन अंशुमन सिंह यांनी फायबरग्लासच्या झोपडीतल्या सहकाऱ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः परतले नाहीत. ते आपल्या पुण्याच्या एएफएमसीतून शिकलेले डॉक्टर. कीर्तिचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. ती आग बुखारीची होती असं मी म्हणत नाही. तशा झोपड्यांत राहिलेल्याला एवढंच माहीत असतं, की पेट घेतला तर हातात किती थोडा वेळ असतो.

साताऱ्याची सूनबाई चार दिवसांनी घरी आली. डॉक्टरांनी महिनाभर लक्ष ठेवायला सांगितलंय: विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं. हवालदारांनी गीझर न्हाणीघरातून काढून मागच्या उघड्या पडवीत बसवला. पोरगा नळाच्या खर्चावरून कुरकुरला म्हणे, पण बापापुढे चाललं नाही. न्हाणीघराच्या खिडकीची एक काच कायमची काढून टाकली आहे.

मी इकडून कार्बन मोनॉक्साइडची घंटा पाठवली, तळहाताएवढी डबी. परवा फोन आला.

"साहेब, लावली भिंतीला. पण तिचा दिवा मधूनच लुकलुकतो. आमची म्हातारी विचारतीय, सायबांनी कॅमेरा तर नाही ना पाठवला?"