'छावा' आवडला? मग क्लिप फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

लक्ष्मण उतेकर यांचा 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला रिलीज झाला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा मी दोनदा पाहिला आणि मला तो आवडतो. पण त्यावर आक्षेपही होते. ट्रेलरमधला लेझीमचा प्रसंग टीकेनंतर काढून टाकला गेला. गणोजी आणि कान्होजी यांच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा उतेकरांनी माफी मागितली. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात तर सोन्याच्या नाण्यांच्या अफवेवरून लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते!

हे हसण्यावारी नेता येतं. पण १७ मार्चला औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून आणि एका अफवेतून नागपुरात हिंसाचार झाला, आणि दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत या सिनेमामुळे लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्याचा उल्लेख केला. सगळं खापर सिनेमावर फोडणं मला पटत नाही. थिएटरमधला अडीच तासांहून मोठा सिनेमा वेगळा आणि फोनवरची तीस सेकंदांची क्लिप वेगळी. क्लिप कापणारा माणूस तिच्यावर स्वतःची ओळ टाकतो, आणि ती ओळ सिनेमात नसते.

ही चूक मी स्वतः केली आहे. वसमतच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर मी छळाच्या प्रसंगाची क्लिप टाकली. खाली आजच्या मुसलमानांबद्दल एक वाक्य होतं, ते मी वाचलंच नाही. माझं लक्ष अभिनयाकडे होतं. संध्याकाळी दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसलेला मित्र काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला.

व्हॉट्सअ‍ॅप इथे एक खूण देतं. मेसेज पाच किंवा अधिक हातांतून आला असेल, तर त्यावर दुहेरी बाण दिसतो आणि तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. मजकूर खोटा आहे असा याचा अर्थ नाही. तो तुमच्या ओळखीच्या माणसाने लिहिलेला नाही, एवढंच कळतं. माझ्या क्लिपवर तो बाण होता.

इन्स्टाग्राम, यूट्यूबवर गणित थोडं वेगळं आहे. तिथे शिफारस करणारी यंत्रणा किती वेळ पाहिलं, किती कमेंट आल्या, किती शेअर झालं हे बघते. तुम्ही चिडून 'हे खोटं आहे' लिहिलंत तरी ती कमेंटच असते, आणि पोस्ट आणखी लोकांपर्यंत जाऊ शकते. म्हणून भडकाऊ पोस्टखाली भांडू नका. रिपोर्ट करा, 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. उत्तर द्यायचंच असेल तर मूळ लिंक न देता स्वतंत्र पोस्ट लिहा. त्या पोस्टमध्ये 'सिनेमा आवडला, पण अमुक गोष्ट खटकली' हेही लिहा की! चाहत्याने केलेली टीका इतर चाहते जास्त ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचं थोडक्यात. दोन गटांत वैर वाढवणाऱ्या मजकुरावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागू शकतं, आणि 'मी फक्त फॉरवर्ड केलं' म्हणून सुटका होईलच असं नाही. ग्रुप अ‍ॅडमिनबद्दल मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की, समान हेतू नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. टेलिग्रामवरची चोरीची कॉपी हा तर सरळ गुन्हा. 'छावा'च्या अशा लिंकवरून मुंबईत एफआयआरही झाला होता.

चुकून काही टाकलंच, तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण अडीच दिवस चालतं. त्यानंतर आपला मेसेज आपल्याला सगळ्यांसाठी काढता येत नाही. मला चौथ्या दिवशी सुचलं, तोवर उशीर झाला होता. मग मित्राला फोन लावला. तो हळदीच्या मार्केटमध्ये होता, मागे बोली चालू होती. "सोड रे," म्हणाला. ग्रुपमध्ये तो अजून परत आलेला नाही.