अविभक्त फ्रँक साम्राज्य
अविभक्त फ्रँक साम्राज्य : पश्चिम यूरोपच्या इतिहासातील एक जर-तरचा विषय. शार्लमेनचे साम्राज्य ऑगस्ट ८४३ मध्ये व्हर्डनच्या तहाने त्याच्या तीन नातवांत वाटले गेले. ते एकत्र राहिले असते तर, ही कल्पना लेखक बहुधा व्हर्डनपासून सुरू करतात. वास्तविक तिथे उशीर झालेला होता.

वारसा : फ्रँकांत राज्य ही वडिलोपार्जित मिळकत आणि मुलगे तिचे वाटेकरी. क्लोव्हिसच्या पश्चात (५११) राज्याच्या चार तक्षिमा झाल्या. ७६८ मध्ये शार्लमेन व त्याचा भाऊ कार्लोमान यांच्यातही वाटणी झालीच होती. ७७१ मध्ये कार्लोमान वारला म्हणून शार्लमेन एकटा धनी झाला. पुढे त्याने स्वतः ८०६ मध्ये तीन मुलांसाठी वाटणीपत्र केले. त्यात सम्राटपद कोणाला, याचा उल्लेखच नाही. पेपिन ८१० मध्ये आणि चार्ल्स ८११ मध्ये मरण पावल्याने धाकटा लुई तेवढा उरला. ८१४ मध्ये त्याला जवळजवळ अखंड राज्य मिळाले ते भावांच्या मृत्यूंमुळे. धोरण वाटणीचेच होते.

८१७ चा आदेश : वाटणीची चाल मोडण्याचा खरा प्रयत्न हा. लुईने थोरला मुलगा लोथार याला सहसम्राट केले. दुसरा मुलगा पेपिन याला आक्विटेन व तिसरा मुलगा लुई याला बव्हेरिया देऊन दोघांना थोरल्याच्या अधीन ठेवले. इटलीचा राजा असलेला सम्राटाचा पुतण्या बर्नार्ड याने बंड केले. त्याचे डोळे काढण्यात आले व त्यातच तो दगावला (८१८). आदेशाचा खंदा पाठीराखा म्हणजे लीआँचा आर्चबिशप अ‍ॅगोबार्ड. पाच माणसे एकत्र बसली तरी पाचांचा कायदा वेगळा, अशी त्याची तक्रार होती. प्रजा एक तर कायदाही एक हवा, हे त्याचे म्हणणे. काल्पनिक इतिहास लिहिणाऱ्यांनी या माणसाकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

सम्राट लुईला दुसऱ्या पत्नीपासून, ज्यूडिथपासून, ८२३ मध्ये चार्ल्स (टकला चार्ल्स) झाला. त्याला वाटा द्यायचा तर आदेश मोडणे भाग होते. ८२९ मध्ये तो मोडला आणि ८३० पासून भाऊबंदकी पेटली. ज्यूडिथला सरसकट दोषी धरणाऱ्या मजकुराचा बराचसा भाग विरोधी गटाचा आहे, हे लक्षात ठेवावे.

कोब्लेंट्सची बैठक : सम्राट लुई ८४० मध्ये वारला. २५ जून ८४१ रोजी फोंतन्वाच्या लढाईत लुई व चार्ल्स या धाकट्या दोघा भावांनी लोथारचा पराभव केला. पुढच्या वाटाघाटींचे तपशील आपल्याला निथार्डमुळे मिळतात. हा शार्लमेनचा मुलीकडून नातू; चार्ल्सच्या बाजूने लढलेला, त्यामुळे त्याच्या ग्रंथात लोथार कायम कपटी दिसतो. ऑक्टोबर ८४२ मध्ये शंभरावर प्रतिनिधी कोब्लेंट्सला जमले. भांडण होऊ नये म्हणून एका पक्षाचा तळ ऱ्हाईनच्या पूर्व काठावर, दुसऱ्याचा पश्चिम काठावर. रोज नदी ओलांडून सेंट कास्टरच्या चर्चमध्ये बोलणी. अडचण मात्र वेगळीच निघाली : साम्राज्याचा सगळा पसारा कोणालाच ठाऊक नव्हता. जे ठाऊक नाही ते समान वाटू, अशी शपथ घ्यायची कशी? बिशपांचेही एकमत होईना. शेवटी तहकुबी करून मोजदाद करायचे ठरले. एकसंध राज्य चालवण्याच्या तयारीविषयी हा प्रसंग बरेच सांगून जातो.

पुढे झालेल्या व्हर्डनच्या तहाचा मूळ मसुदा उपलब्ध नाही. लोथारला आखेन व रोमसह मधला पट्टा, लुईला पूर्व आणि चार्ल्सला पश्चिम भाग मिळाला. ऱ्हाईनच्या डाव्या काठावरील माइन्झ, व्होर्म्स व श्पायर लुईकडे गेले. प्र्यूमचा रेगिनो याचे कारण तिथली मुबलक वाइन असे देतो.

भाषा : १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबर्ग येथे लुईने रोमान्स बोलीत व चार्ल्सने जर्मन बोलीत लोथारविरुद्धच्या एकजुटीची शपथ घेतली, म्हणजे समोरच्या भावाच्या सैन्याला ती समजावी. रोमान्स मजकूर हा फ्रेंचचा सर्वांत जुना नमुना मानतात. वाटणीमुळे भाषा वेगळ्या झाल्या नाहीत; त्या आधीच वेगळ्या होत्या. अविभक्त साम्राज्यात एकच भाषा रुजली असती, या कल्पनेला त्यामुळे आधार कमी.

पुन्हा जुळणी : ८८४ अखेर पूर्वेकडील लुईचा मुलगा जाड्या चार्ल्स याच्याकडे प्रॉव्हांसचा अपवाद वगळता सर्व राज्ये परत आली, तीही नातेवाइकांच्या मृत्यूंमुळे. वायकिंगांनी पॅरिसला घातलेला वेढा (८८५–८६) त्याने पैसे देऊन उठवला. ८८७ मध्ये पुतण्या आर्नुल्फने त्याला पदच्युत केले.

लष्कर : साम्राज्यविस्ताराच्या मोहिमा थांबल्या तशी लूटही आटली, सरदार मग जमिनी मागू लागले.

चलन : एका पौंडाचे २४० चांदीचे दिनार हा हिशेब वाटणीनंतरही तिन्ही राज्यांत चालू राहिला. इंग्लंडमध्ये पौंडाचे २४० पेन्स १९७१ पर्यंत होते.