प्रक्षेपणाच्या तोंडावरचा राजीनामा

माणसांना घेऊन जाणारे यान उड्डाणासाठी सज्ज असताना ते काम पाहणाऱ्या ज्येष्ठ अधिकाऱ्याने पद सोडणे ही अंतराळसंस्थांच्या इतिहासातील दुर्मीळ घटना आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेत ती दोनदा ठळकपणे घडली. १९६८ मध्ये प्रशासक जेम्स वेब यांनी अपोलो-७ च्या चार दिवस आधी पद सोडले, तर मे २०२० मध्ये मानवी मोहिमांचे प्रमुख डग्लस लवेरो यांनी डेमो-२ हे उड्डाण नऊ दिवसांवर आलेले असताना राजीनामा दिला. दोन्ही उड्डाणे यशस्वी झाली. उड्डाणाचा निर्णय कोण घेतो, कसा घेतो आणि त्याची जबाबदारी कोणाकडे असते, याचा इतिहास या घटनांमधून उलगडत जातो.

राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी मे १९६१ मध्ये चंद्रावर माणूस उतरवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच वर्षी नासाने मानवी उड्डाणांसाठी स्वतंत्र कार्यालय उभे केले आणि ब्रेनर्ड होम्स या अभियंत्याला त्याचे प्रमुख नेमले. चांद्रमोहिमेला वेग यावा म्हणून होम्स यांनी १९६२ मध्ये चाळीस कोटी डॉलरच्या जादा निधीचा आग्रह धरला. वेब यांनी तो मानला नाही. वाद थेट केनेडींपर्यंत गेला आणि १९६३ मध्ये होम्स यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज म्युलर यांनी कामाची पद्धतच बदलली. अग्निबाणाचा एकेक टप्पा वेगवेगळा उडवून पाहण्याऐवजी सगळे टप्पे पहिल्याच चाचणीत एकत्र उडवायचे, असे त्यांनी ठरवले. नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅटर्न-५ चे पहिले उड्डाण याच पद्धतीने झाले.

त्याआधी २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील सरावाच्या वेळी अपोलो-१ च्या कुपीला आग लागली होती. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी या तीन अंतराळवीरांचा त्यात मृत्यू झाला. काँग्रेससमोरच्या चौकशीत उत्तरे देण्याचा भार वेब यांच्यावर आला. पुढची दीड वर्षे कुपीची नव्याने बांधणी करण्यात गेली. ऑगस्ट १९६८ मध्ये वेब आणि म्युलर संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळविषयक परिषदेसाठी व्हिएन्नात होते. परिषदेच्या वैज्ञानिक कामकाजाची धुरा विक्रम साराभाई यांच्याकडे होती. तेथेच दोघांना वॉशिंग्टनहून फोनवर अपोलो-८ थेट चंद्राभोवती पाठवण्याचा प्रस्ताव कळला. वेब आधी बिचकले, पण अपोलो-७ सुरळीत पार पडल्यासच पुढे जायचे, या अटीवर तयारी सुरू झाली.

१६ सप्टेंबर १९६८ रोजी वेब राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना भेटायला गेले. निवडणूक जवळ आली होती आणि सत्ताबदलानंतर संस्था कोणाच्या हाती द्यायची, हा बोलण्याचा विषय होता. वेब यांनी पद सोडण्याची तयारी दाखवताच जॉन्सन यांनी ती लगेच मान्य केली आणि त्याच दिवशी ते जाहीरही झाले. ७ ऑक्टोबरला, वयाला बासष्ट वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, वेब पायउतार झाले. थॉमस पेन हंगामी प्रशासक झाले. ११ ऑक्टोबरला अपोलो-७ उडाले आणि जवळजवळ अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून सुखरूप परतले. डिसेंबरमध्ये अपोलो-८ चंद्राभोवती जाऊन आले. वेब यांनी सात वर्षांत म्युलर, जॉर्ज लो आणि सॅम्युअल फिलिप्स यांच्यासारख्या माणसांच्या हाती स्पष्ट अधिकार दिले होते, म्हणून प्रमुख बदलूनही काम खोळंबले नाही.

याची दुसरी बाजू १९८६ मध्ये दिसली. प्रशासक जेम्स बेग्ज यांच्यावर जुन्या खासगी नोकरीतील व्यवहारांबद्दल खटला दाखल झाल्याने डिसेंबर १९८५ पासून ते रजेवर होते. विल्यम ग्रॅहम हंगामी कारभार पाहत होते. (बेग्ज यांच्यावरचे आरोप सरकारने पुढे मागे घेतले.) २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जणांचा मृत्यू झाला. कडाक्याच्या थंडीत घन इंधनाच्या अग्निबाणातील सांध्यांची रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असे मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री निक्षून सांगितले होते. हा आक्षेप उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही, असे अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाला आढळले. अपघाताचे कारण रिकाम्या खुर्चीपेक्षा खोलवरचे होते: खालच्या माणसाचा इशारा वरपर्यंत पोहोचण्याची वाटच तुटलेली होती. त्यानंतर उड्डाणपूर्व आढाव्याची रीत अधिक कडक करण्यात आली.

जुलै २०११ मध्ये स्पेस शटलचे शेवटचे उड्डाण झाले. पुढची जवळपास नऊ वर्षे अमेरिकी अंतराळवीर रशियाच्या सोयुझ यानातून जात होते. स्पेसएक्स आणि बोइंग या खासगी कंपन्यांकडून नवी याने तयार करून घेण्याचे काम रखडत होते. मानवी मोहिमांचे दीर्घकाळ प्रमुख असलेल्या विल्यम गर्स्टेनमायर यांना जुलै २०१९ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. डिसेंबरमध्ये संरक्षण खात्यात अंतराळ धोरणाचे काम केलेले लवेरो त्या जागी आले. २०२४ पर्यंत पुन्हा चंद्रावर माणूस उतरवण्याचे लक्ष्य सरकारने ठरवले होते, त्यामुळे कामाची घाई मोठी होती.

३० एप्रिल २०२० रोजी नासाने चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या आराखड्यासाठी ब्लू ओरिजिन, डायनेटिक्स आणि स्पेसएक्स यांची निवड केली. तिन्ही कंत्राटे मिळून सुमारे ९७ कोटी डॉलरची होती. बोइंगला स्थान मिळाले नाही. १८ मे रोजी लवेरो यांनी पद सोडले. मोहिमेसाठी आवश्यक वाटल्याने वर्षाच्या सुरुवातीला आपण एक जोखीम घेतली, ती चूक होती आणि तिचे परिणाम आपण भोगले पाहिजेत, अशा आशयाचे पत्र त्यांनी सहकाऱ्यांना लिहिले. राजीनाम्याचा स्पेसएक्सच्या डेमो-२ या उड्डाणाशी संबंध नसल्याचेही त्यांनी सांगितले. निविदांची प्रक्रिया चालू असताना त्यांचा बोइंगच्या अधिकाऱ्याशी संपर्क झाला होता, अशा बातम्या पुढे आल्या. सरकारी खरेदीत सर्व स्पर्धकांना समान वागणूक मिळावी म्हणून असा संपर्क अमेरिकी कायद्याने कटाक्षाने मर्यादित केलेला आहे.

उड्डाण-सज्जतेचा आढावा २१ मे रोजी सुरू होणार होता. लवेरो यांच्याकडे असलेले त्याचे अध्यक्षपद सहयोगी प्रशासक स्टीव्ह जर्चिक यांच्याकडे गेले, तर माजी अंतराळवीर केन बॉवरसॉक्स विभागाचे हंगामी प्रमुख झाले. दोन दिवस चाललेल्या बैठकीत प्रत्येक गटाने आपापला अहवाल मांडला आणि उड्डाणाला संमती मिळाली. २७ मे रोजी खराब हवामानामुळे उलटगणती सतरा मिनिटांहून कमी उरलेली असताना थांबवण्यात आली. ३० मे रोजी फ्लोरिडातून बॉब बेनकेन आणि डग हर्ली यांना घेऊन यान उडाले. तेव्हा भारतात ३१ मे ची मध्यरात्र उलटून बारा वाजून बावन्न मिनिटे झाली होती.  दोघे अंतराळवीर २ ऑगस्टला सुखरूप परतले. त्याआधी जूनमध्येच कॅथी ल्यूडर्स मानवी मोहिमांच्या प्रमुखपदी नियुक्त झाल्या होत्या, आणि ही जबाबदारी सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

भारतासाठी हा इतिहास परका नाही. साराभाईंचे डिसेंबर १९७१ मध्ये अकस्मात निधन झाले, तरी एम. जी. के. मेनन आणि नंतर सतीश धवन यांनी अंतराळ कार्यक्रमाचे काम पुढे नेले. १९७९ मध्ये विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा पुण्यात जन्मलेल्या वसंतराव गोवारीकरांकडे आली. त्या वर्षी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, पण जुलै १९८० मध्ये ते यशस्वी झाले. जून २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला स्पेसएक्सच्याच यानातून अंतराळ स्थानकावर गेले. त्यांचे उड्डाण त्याआधी पुढे ढकलले गेले होते, कारण अग्निबाणात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली होती. गगनयानच्या २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत संगणकाने शेवटच्या पाच सेकंदांवर उलटगणती रोखली. दोष दूर करून त्याच सकाळी उड्डाण झाले. थांबवण्याचा अधिकार यंत्रणेतच रुजवलेला असेल, तर प्रमुख पदावर असो वा नसो, यानात बसणाऱ्यांचे रक्षण होते. मात्र त्या अधिकाराला प्रामाणिक माहितीची जोड लागते, आणि ती वरपर्यंत पोहोचवण्याची वाट संस्थेला जाणीवपूर्वक मोकळी ठेवावी लागते.