बसल्या जागेवरून हुकूम

मनुष्याचा आळस आणि मनुष्याची बुद्धि ह्यांचें हाडवैर आहे, असें नीतिपाठांत शिकविलें जातें. यंत्रांच्या इतिहासांत मात्र ही जोडी पुष्कळदां हातांत हात घालून चाललेली आढळते. दूरदर्शनच्या संचासमोर पडलेली, ‘रिमोट’ ह्या नांवानें घरोघर ओळखली जाणारी वीतभर वस्तु हें त्याचें ठळक उदाहरण होय. ती विकत घेतांना गिऱ्हाईक बटणें मोजतें आणि किंमत विचारतें. ती घडविणाऱ्यांपुढें प्रश्न निराळा होता. हुकूम देणारा हात एकीकडे, हुकूम पाळणारें यंत्र दहा हातांवर. मग ह्या दोहोंमध्यें दूत म्हणून कोणाला पाठवावें? बिनतारी लहर, तार, प्रकाश आणि ध्वनि असे उमेदवार एकामागून एक पुढें आले. प्रत्येकाची परीक्षा झाली आणि प्रत्येकांत कांहीं ना कांहीं खोट निघाली. त्या परीक्षेची हकीकत मनोरंजक आहे, तशीच बोधप्रदही आहे.

दुरून यंत्र चालविण्याची युक्ति घरांत शिरण्यापूर्वीं पाण्यावर अवतरली. निकोला टेस्ला ह्या संशोधकानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी होडी बिनतारी लहरींच्या साह्यानें चालवून दाखविली. होडीला दोरी नाहीं, तार नाहीं, आंत माणूस नाहीं, आणि तरीही ती हुकमाप्रमाणें वळते! त्याच वर्षाच्या ८ नोव्हेंबर रोजीं टेस्लाला ह्या शोधाचें पेटंट मिळालें. पुढें स्पेनमधील लिओनार्दो तोरेस केवेदो ह्या यंत्रविशारदानें ‘टेलेकिनो’ नांवाचें साधन बनविलें आणि १९०६ सालीं बिल्बाओ येथें राजा तेरावा आल्फोन्सो ह्याच्या समक्ष किनाऱ्यावरून नौका चालविली.

हीच लहर पुढें दिवाणखान्यांत आली. अमेरिकेंतील फिल्को कंपनीनें आपल्या १९३९ च्या रेडिओ-संचांबरोबर ‘मिस्टरी कंट्रोल’ नांवाची एक लांकडी पेटी दिली. तिच्यावर टेलिफोनसारखी तबकडी होती. ती फिरवावी आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रेडिओनें स्थानक बदलावें, असा तो चमत्कार होता. परंतु ह्या दूताचा एक स्वभावदोष होता. बिनतारी लहर भिंतीला जुमानीत नाहीं. आपल्या रेडिओला दिलेला हुकूम शेजाऱ्याच्या रेडिओनें पाळावा, हा धोका तिच्या पाठीशीं नेहमींच उभा राही.

दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकेंत दूरदर्शनचा प्रसार झपाट्यानें झाला. शिकागो येथील झेनिथ कंपनीचा प्रमुख यूजीन मॅक्डॉनल्ड ह्याला कार्यक्रमांमध्यें येणाऱ्या जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. बसल्या जागेवरून त्यांचें तोंड बंद करतां आलें पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. १९५० सालीं ह्या कंपनीनें ‘लेझी बोन्स’, म्हणजे ‘आळशी’, ह्या नांवाचें साधन बाजारांत आणलें. येथें दूत तार हा होता. तार इमानी खरी. ती आपल्याच यंत्राशीं बोलते. पण खोलीभर पसरलेल्या त्या तारेंत पाय अडकून माणसें अडखळूं लागलीं. उठण्याचे श्रम वांचविण्यासाठीं घेतलेली वस्तु पडण्याचें कारण झाली.

तेव्हां यूजीन पॉली ह्या झेनिथच्याच अभियंत्यानें प्रकाशाची निवड केली. १९५५ सालचें त्याचें ‘फ्लॅश-मॅटिक’ पिस्तुलासारखें दिसे. दूरदर्शन-संचाच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार विद्युन्नेत्र बसविलेले असत. पिस्तुलाचा झोत ज्या कोपऱ्यावर पडेल त्याप्रमाणें वाहिनी पुढें किंवा मागें सरके, चित्र जाई अथवा आवाज थांबे. ना तार, ना शेजाऱ्याची भीति! परंतु सूर्यनारायणाला कोण आवरणार? खिडकींतून आलेलें ऊन त्या नेत्रांवर पडलें कीं यंत्र तोही हुकूमच समजे आणि वाहिन्या आपोआप फिरूं लागत.

आतां काम रॉबर्ट ॲडलर ह्याच्याकडे आलें. हा पदार्थविज्ञानाचा पंडित १९१३ सालीं व्हिएन्ना येथें जन्मला आणि १९४१ सालीं झेनिथमध्यें दाखल झाला. कंपनीच्या विक्री करणाऱ्यांनीं एक अट घातली होती. हातांतील साधनांत बॅटरी नसावी. कारण ती संपली म्हणजे गिऱ्हाईक संचच बिघडला असें मानील. ॲडलरनें ध्वनि निवडला, पण मनुष्याच्या कानाला ऐकूं न येणारा. १९५६ च्या ‘स्पेस कमांड’ मध्यें ॲल्युमिनियमच्या चार लहान दांड्या होत्या. बटण दाबतांच चिमुकली हातोडी एका दांडीवर आपटे आणि दांडी आपल्या ठराविक सुरांत कंप पावे. चार दांड्या, चार सूर, चार हुकूम. बॅटरी मुळींच नाहीं. हातोडीचा जो टक् असा आवाज होई, त्यावरून अमेरिकन लोक ह्या वस्तूला ‘क्लिकर’ म्हणूं लागले.

ह्या सोईचें मोल भारी होतें. ते सूर ओळखण्यासाठीं संचांत सहा जादा निर्वात नळ्या बसवाव्या लागत, त्यामुळें संचाची किंमत सुमारें ३० टक्क्यांनीं वाढे. पुढें ट्रान्झिस्टर आल्यावर हा भार उतरला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी संच कधीं कधीं फसे, ही खोड मात्र राहिली. असें असूनही ध्वनीच्या ह्या दूतानें सुमारें २५ वर्षें नोकरी केली.

त्याला निवृत्त केलें तें वाढत्या हुकुमांनीं. ब्रिटनमध्यें १९७४ सालीं बी. बी. सी. नें ‘सीफॅक्स’ ही पडद्यावर मजकूर दाखविणारी सेवा सुरू केली. तिचें पान मागविण्यास तीन आंकडे द्यावे लागत. चार सुरांवर हें भागेना. म्हणून पुन्हां प्रकाशाकडे पाहिलें गेलें. पण ह्या वेळीं डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाकडे. हा दिवा सेकंदास सुमारें ३६ ते ४० हजार वेळां लुकलुकतो आणि ग्रहण करणारें यंत्र तेवढीच लुकलुक ओळखतें. सूर्यप्रकाश एकसारखा असतो. म्हणून तो ह्या यंत्राला सहसा फसवीत नाहीं. ज्या उन्हानें पॉलीचा पराभव केला, त्याच्यावर अशा रीतीनें मात झाली. शिवाय हा प्रकाश भिंतीबाहेर जात नाहीं, म्हणून शेजारीही निर्धास्त.

मग संकट उलट्या बाजूनें आलें. व्हिडिओ, केबलची पेटी, तबकडी वाजविणारें यंत्र, प्रत्येकाचा रिमोट वेगळा आणि प्रत्येक कारखान्याची सांकेतिक भाषाही वेगळी. १९८५ सालीं जनरल इलेक्ट्रिकनें दुसऱ्या रिमोटची भाषा शिकून घेणारा रिमोट काढला, आणि १९८७ सालीं ‘ॲपल’ च्या संस्थापकांपैकीं स्टीव्ह वॉझ्नियॅक ह्यानेंही तसाच एक रिमोट आणला.

मुंबईंत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. सुरवातीला पाहावयास वाहिनी एकच. तेव्हां ती बदलण्यासाठीं उठण्याचा प्रश्नच नव्हता. १९९१-९२ नंतर उपग्रह-वाहिन्यांचा पूर आला, आणि रिमोट कोणाच्या हातीं असावा हा महाराष्ट्रांतील घरांतही कलहाचा विषय झाला.

मौज अशी कीं नाकारलेले बहुतेक उमेदवार आज पुन्हां सेवेंत आहेत. बिनतारी लहर ‘ब्लूटूथ’ च्या रूपानें परतली आहे. पूर्वींच ओळख करून दिलेल्या यंत्राशींच ती बोलते, म्हणून शेजाऱ्याचें भय उरलें नाहीं. तारही परतली आहे. संच आणि पेटी ह्यांना जोडणाऱ्या एच. डी. एम. आय. तारेंतूनही हुकूम पोंचूं शकतात, म्हणून एका रिमोटवर दोन यंत्रें चालविणें शक्य होतें. रिमोट निवडणाऱ्यानें हा इतिहास ध्यानांत ठेवावा. यंत्र लांकडी दाराच्या कपाटांत असेल तर अवरक्त प्रकाश तेथें पोंचणार नाहीं. तेथें लहरच हवी. यंत्र समोर उघडें असेल तर साधा, स्वस्त रिमोट पुरे. यंत्रें अनेक असतील तर भाषा शिकणारा घ्यावा. आणि वापरणारे हात वृद्ध वा अधू असतील तर बटणें थोडीं व ठळक असावींत. त्यांच्यासाठीं ही वस्तु चैनीची राहत नाहीं, ती त्यांच्या स्वावलंबनाची काठी होते.

जाहिरातींना मूक करण्याचा मॅक्डॉनल्डचा हेतु कांहीं अंशीं साधला. जाहिराती मात्र नाहींशा झाल्या नाहींत. श्रेयाचा निवाडाही उशिरा झाला. वृत्तपत्रें पुष्कळदां रिमोटचा जनक म्हणून एकट्या ॲडलरचेंच नांव घेत आणि पॉली मागें राही. १९९७ सालीं दोघांनाही मिळून एमी पारितोषिक देण्यांत आलें. ॲडलर २००७ सालीं वारला, पॉली २०१२ सालीं. पॉलीचा प्रयोग उन्हापुढें टिकला नाहीं हें खरें. परंतु आज घरोघरीं जो अदृश्य झोत संचाकडे धांवतो, तो ध्वनीचा नसून प्रकाशाचा आहे. अपयशी ठरलेली कल्पना चुकीचीच असते असें नाहीं. कित्येकदां तिला योग्य साधन मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, एवढेंच.