मेंडोलिनची नखी

मेंडोलिनची नखी हे मेंडोलिन या तंतुवाद्याच्या तारा छेडण्यासाठी वापरले जाणारे लहान, चपटे साधन आहे. वादक ती उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांत धरून तारांवर खाली व वर असे आघात करतो. वाद्य, तारा आणि वादक तेच असले, तरी नखी बदलताच नादाची जात, स्वराची स्पष्टता आणि जलद वादनातील सुलभता यांत फरक पडतो. हा फरक मुख्यतः नखीची जाडी, लवचीकता, टोकाची गोलाई, कडेचा गुळगुळीतपणा आणि पकड यांवर अवलंबून असतो. नखी कोणत्या पदार्थाची आहे याचा परिणाम बऱ्याच अंशी याच गुणधर्मांच्या द्वारे होतो. कासवाच्या कवचाची नखी दीर्घकाळ सर्वोत्तम मानली गेली. मात्र या कवचाच्या व्यापारावर बंदी असल्यामुळे पर्यायी पदार्थांच्या नख्यांची तुलना हा वादकांच्या दृष्टीने महत्त्वाचा विषय झाला आहे.

## संज्ञा

मराठीत तारा छेडण्याच्या साधनाला सामान्यतः ‘नखी’ म्हणतात. सतारवादक तर्जनीत घालतो त्या तारेच्या नखीला ‘मिजराब’ आणि सरोदवादक हातात धरतो त्या नखीला ‘जवा’ असे म्हणतात. मेंडोलिन व गिटार वाजवणाऱ्यांमध्ये ‘प्लेक्ट्रम’ आणि ‘पिक’ हे शब्दही रूढ आहेत. मिजराब बोटावर घट्ट बसवलेली असते, तर मेंडोलिनची नखी व जवा केवळ बोटांच्या दाबाने धरली जातात. त्यामुळे या दोन्हींच्या बाबतीत पकडीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

## इतिहास

अठराव्या शतकात नेपल्समध्ये प्रचारात आलेल्या मेंडोलिनवर पिसाच्या देठापासून केलेली नखी वापरली जाई. पिसाचा असा वापर अरबी ऊद या वाद्यातही आढळतो. तेथे नखीला ‘रिशा’, म्हणजे पीस, असेच नाव आहे. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या पास्क्वाले विनाच्या या वाद्यनिर्मात्याने मेंडोलिनच्या रचनेत सुधारणा केल्या आणि पोलादी तारांचा वापर वाढला. अधिक ताणाच्या या तारांसाठी अधिक ताठ नखी आवश्यक झाली आणि कासवाच्या कवचाची नखी सर्वत्र रूढ झाली.

सेल्युलॉइड हा कृत्रिम पदार्थ १८७० च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रेआ यांनी सेल्युलॉइडच्या नख्यांचे उत्पादन सुरू केले. त्यांच्या कंपनीच्या अनेक आकारांचे क्रमांक आजही नखीच्या आकारांची ओळख म्हणून वापरले जातात. पुढे नायलॉन, असिटल आणि इतर प्लास्टिकच्या नख्या बाजारात आल्या.

## ध्वनिनिर्मितीतील कार्य

मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात. त्या मंद्राकडून तारतेकडे जी, डी, ए व ई या स्वरांत, म्हणजे अनुक्रमे सुमारे १९६, २९४, ४४० व ६५९ हर्ट्‌झ कंप्रतेवर लावल्या जातात. घोडीपासून मेरूपर्यंत तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ३५ सेंमी. असते. तारा आखूड व दुहेरी असूनही त्यांना बराच ताण दिलेला असतो. त्यामुळे गिटारवर सोयीची वाटणारी पातळ नखी मेंडोलिनवर पुष्कळदा अपुरी पडते.

नखी तारेला बाजूला ओढते तेव्हा तार क्षणभर त्रिकोणी आकार घेते आणि नखीवरून निसटताच कंप पावू लागते. या कंपनात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतेचे अधिस्वरही असतात. अधिस्वरांचे परस्परप्रमाण हे नादाची जात ठरवणारे एक प्रमुख कारण आहे. टोकदार नखीवरून तार चटकन सुटते व उच्च अधिस्वर अधिक उमटतात. त्यामुळे स्वर तेजस्वी व धारदार लागतो. गोलसर टोकावरून तार किंचित घसरत सुटते, उच्च अधिस्वर कमी होतात आणि स्वर मऊ व भरीव वाटतो.

आघाताचे स्थानही तितकेच महत्त्वाचे असते. तार तिच्या लांबीच्या एक पंचमांश अंतरावर, म्हणजे सुट्या तारेच्या बाबतीत घोडीपासून सुमारे ७ सेंमी.वर छेडल्यास पाचवा अधिस्वर व त्याच्या पटीतील अधिस्वर जवळजवळ उमटत नाहीत. घोडीजवळ छेडल्यास स्वर कडक, तर पडद्यांच्या दिशेने सरकून छेडल्यास मृदू येतो. म्हणूनच आघाताचे स्थान स्थिर न ठेवता केलेली दोन नख्यांची तुलना फसवी ठरू शकते.

## तुलनेचे निकष

### जाडी व लवचीकता

नखीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. सर्वसाधारणपणे ०.६० मिमी.पेक्षा कमी जाडीची नखी पातळ, ०.६० ते ०.८० मिमी. मध्यम आणि त्याहून अधिक जाड समजली जाते. पातळ नखी तारेच्या ताणाखाली वाकते. तिने तारांवर झरझर हात फिरवणे सोपे जाते, परंतु स्वराबरोबर नखीचा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो, जोरकस आघात दुर्बळ होतो आणि वाकलेले टोक पूर्वस्थितीत येईपर्यंत पुढील आघाताला सूक्ष्म विलंब लागतो. जाड नखी वाकत नाही. त्यामुळे हाताची हालचाल जशीच्या तशी तारेपर्यंत पोहोचते आणि आवाजाची पातळी वादकाच्या नियंत्रणात राहते. मात्र मनगट आखडलेले असल्यास जाड नखी तारेत अडकते. अनेक मेंडोलिनवादक १ ते १.५ मिमी. जाडीची नखी पसंत करतात. नवशिक्या विद्यार्थ्याला ०.८० ते १ मिमी. जाडीची नखी सोयीची पडते.

केवळ जाडीवरून ताठपणा ठरत नाही. नायलॉन सेल्युलॉइडपेक्षा लवचीक असल्याने एकाच जाडीच्या या दोन नख्या हातात वेगळ्या जाणवतात.

### टोक व कड

टोकाच्या गोलाईचा परिणाम ध्वनीवर सर्वांत सहज ऐकू येतो. प्रचलित थेंबाच्या आकाराच्या नखीचे टोक बऱ्यापैकी निमुळते असते, परंतु तिचे मागचे दोन कोपरे गोल असतात. अनेक वादक नखी फिरवून या गोल कोपऱ्याने वाजवतात. त्यामुळे एकाच नखीतून दोन वेगळ्या जातींचे नाद मिळतात.

कड गुळगुळीत नसल्यास तारेवर, विशेषतः गुंडाळी असलेल्या जी व डी तारांवर, खरखर ऐकू येते. काही नख्यांची कड एका बाजूने तिरपी घासलेली असते. अशा कडेमुळे जाड नखीही तारेवरून सहज सरकते. मात्र ही तिरपी बाजू उजव्या व डावखुऱ्या वादकांसाठी वेगवेगळी असावी लागते.

### आकार व पकड

थेंबाच्या आकाराची नखी सुमारे ३० मिमी. लांब व २५ मिमी. रुंद असते. मोठ्या त्रिकोणी नखीला बोटांत अधिक जागा मिळते, ती कमी फिरते आणि एक टोक झिजल्यावर उरलेली दोन वापरता येतात. इटालियन शास्त्रीय वादनपरंपरेत लांबट व टोकदार नख्याही वापरल्या जातात. घामामुळे नखी निसटू नये म्हणून काही नख्यांवर खडबडीत नक्षी किंवा छिद्रे असतात. नखी घट्ट आवळल्याने ती निसटत नाही हे खरे, परंतु मनगटाची लवचीकता कमी होऊन वेग घटतो.

## पदार्थांची तुलना

पुढील तक्त्यातील वर्णन समान जाडीच्या व समान टोकाच्या नख्यांना लागू असणारी सर्वसाधारण प्रवृत्ती दर्शवते.

| पदार्थ | लवचीकता | नाद | टिकाऊपणा व हाताळणी |
|---|---|---|---|
| सेल्युलॉइड | मध्यम | उबदार, संतुलित | लवकर झिजते, ज्वलनशील |
| नायलॉन | अधिक | मृदू, आघात सौम्य | तुटत नाही. नक्षी नसल्यास निसरडी |
| असिटल | मध्यम | स्वच्छ, किंचित मंद | झीज कमी. पृष्ठभाग खरबरीत केलेला असल्यास पकड चांगली |
| पॉलिइथरइमाइड | कमी | तेजस्वी, स्पष्ट | टिकाऊ |
| पॉलिइमाइड | कमी | भरीव, कडेची खरखर अत्यल्प | फार टिकाऊ. किंमत बरीच अधिक |
| शिंग | कमी | उबदार | नैसर्गिक असल्याने प्रत्येक नखी वेगळी. घासून आकार देता येतो |
| नारळाची करवंटी | फार कमी | खणखणीत | ठिसूळ. सरोदच्या जवासाठी परंपरागत |

## कासवाच्या कवचाचा प्रश्न

ज्या नखीला ‘कासवाची नखी’ म्हटले जाते, ती मुख्यतः हॉक्सबिल या सागरी कासवाच्या कवचावरील खवल्यांपासून बनवली जाई. हे खवले केराटिनचे असतात. माणसाची नखे व जनावरांची शिंगेही याच प्रथिनाची असतात. हा पदार्थ ताठ असूनही किंचित लवचीक असतो, त्याला उत्तम झिलई येते आणि बोटांच्या उबेने तो हातात चांगला बसतो. या गुणांमुळे त्याची ख्याती झाली. कंगवे, चष्म्यांच्या चौकटी व शोभेच्या वस्तू यांसाठीही या कवचाला मोठी मागणी होती आणि तिच्यामुळे या कासवांची प्रचंड प्रमाणात शिकार झाली.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत हॉक्सबिल कासव अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारासंबंधीच्या ‘साइट्स’ करारात त्याचा समावेश परिशिष्ट १ मध्ये असून त्याच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक व्यापारावर बंदी आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ नुसार त्याला संरक्षण असून त्याची शिकार व त्याच्या कवचाचा व्यापार हे गुन्हे आहेत.

कवचाच्या नखीचे जे गुण सांगितले जातात, त्यांतील बहुतेक गुण ताठपणा, झिलई व कडेची घडण यांच्याशी निगडित आहेत. हे गुण इतर पदार्थांत बऱ्याच प्रमाणात साधता येतात. शिंग हे रासायनिक दृष्ट्या कवचाला सर्वांत जवळचे आहे, तर असिटल, पॉलिइथरइमाइड व पॉलिइमाइड या पदार्थांत ताठपणा व टिकाऊपणा मिळतो. बाजारात कासवाच्या कवचासारखे ठिपके असलेल्या नख्या सर्रास दिसतात; त्या सामान्यतः सेल्युलॉइडच्या असतात आणि त्यांचे साम्य केवळ रंगापुरते असते.

## वादनशैली आणि नखीची निवड

मेंडोलिनचा स्वर लवकर विरतो. दीर्घ स्वराचा आभास निर्माण करण्यासाठी खाली-वर असे अतिजलद आघात करतात. त्यास ‘ट्रेमोलो’ म्हणतात. सतारीतील ‘दा’ व ‘रा’ या बोलांप्रमाणे येथेही दोन्ही दिशांचे आघात समान वजनाचे असणे आवश्यक असते. त्यासाठी गोलसर टोकाची, गुळगुळीत कडेची नखी उपयुक्त ठरते. टोकदार नखी ताराजोडीतील दोन तारांमध्ये रुतण्याचा संभव असतो.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात मेंडोलिनला महत्त्वाचे स्थान मिळाले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे स्वतः निष्णात मेंडोलिनवादक होते आणि त्यांनी या वाद्यावर हिंदुस्थानी राग सादर केले. लक्ष्मीकांत–प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) यांनीही संगीतकार म्हणून नाव मिळवण्यापूर्वी मेंडोलिनवादक म्हणून काम केले. वाद्यवृंदात तालवाद्ये व व्हायोलिन यांच्यामधून मेंडोलिन ऐकू येण्यासाठी स्पष्ट आघात लागतो. त्याला ताठ नखी साहाय्यक ठरते. रागवादनातील आलापात मात्र एका आघातानंतर मींड घेतली जाते. तेथे नखीचा टक् आवाज जितका कमी, तितकी मींड सलग ऐकू येते.

कर्नाटक संगीतातील यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी एकेरी तारांचे विद्युत मेंडोलिन वापरले. ध्वनिवर्धकामुळे नखीच्या खरखरीसह सर्वच आवाज मोठे होतात, म्हणून अशा वाद्यावर कडेचा गुळगुळीतपणा विशेष महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील ब्ल्यूग्रास संगीतात तालाच्या दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तुटक आघात केला जातो. त्यासाठी जाड व ताठ नखी वापरतात.

महाराष्ट्रात मिरवणुकांतून वाजणारे ‘बेंजो’ हे वाद्य वस्तुतः बुलबुल तरंग असून त्याचे मूळ जपानमधील ताइशोगोतो या वाद्यात आहे. त्यातही डाव्या हाताने कळा दाबून उजव्या हातातील नखीने तारा छेडतात. दीर्घकाळ जलद वादन करावे लागत असल्याने तेथेही पकड व झीज हे दोन निकष निर्णायक असतात.

## तुलना करण्याची पद्धत

नख्यांची तुलना करताना एका वेळी एकच गुणधर्म बदलणे इष्ट असते. प्रथम एकाच पदार्थाच्या वेगवेगळ्या जाडीच्या नख्या, नंतर एकाच जाडीचे वेगवेगळे पदार्थ आणि शेवटी वेगवेगळी टोके तपासल्यास फरकाचे कारण निश्चित करता येते. प्रत्येक नखीने एकच स्वरावली संथ लयीत, जलद लयीत व ट्रेमोलोसह, आघाताचे स्थान न बदलता वाजवतात. वादकाला हाताच्या स्पर्शावरून नखी ओळखता येते व त्याचा प्रभाव त्याच्या मतावर पडतो. म्हणून ध्वनिमुद्रण करून ते नखीचे नाव न सांगता दुसऱ्या श्रोत्याला ऐकवणे अधिक विश्वसनीय ठरते. वादनसुलभतेचा निर्णय मात्र वादकालाच, काही दिवसांच्या सरावानंतर, घेता येतो.

## झीज व निगा

पोलादी तारांवरील घर्षणामुळे नखीचे टोक हळूहळू झिजते. झिजलेल्या टोकावर बारीक खाचा पडतात आणि आवाजात खरखर येते. हा दोष पुष्कळदा वाद्याचा किंवा तारांचा समजला जातो. बारीक पॉलिशपेपरने कड घासून व नंतर कापडाने चकाकी आणून अशी नखी पुन्हा वापरता येते. घासल्याने टोकाची गोलाई बदलते आणि तिच्याबरोबर नादही बदलतो. सेल्युलॉइडची नखी ज्योतीपासून दूर ठेवणे आवश्यक असते.

## हेही पाहा

* मेंडोलिन
* मिजराब
* सरोद
* बुलबुल तरंग
* हॉक्सबिल कासव