जुना लोखंडी रंधा: भंगार की हजार डॉलरचा ऐवज?

रंधा म्हणजे लाकूड तासून सपाट आणि गुळगुळीत करण्याचं सुताराचं हत्यार. आता हे काम बरंचसं यंत्रावर होतं. पण उत्पादन बंद झालेले जुने रंधे जमवणारा एक मोठा वर्ग अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आहे. या बाजारात जेमतेम साडेपाच इंचांचा एक रंधा हजार डॉलरच्या आसपास जातो आणि त्याच कंपनीचा त्याहून मोठा रंधा शंभर डॉलरच्या आत मिळतो. असं का होतं?

सगळ्यात जास्त चर्चा कोणाची?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅनली कंपनीची. लिओनार्ड बेली या कारागिराने पातं वर-खाली करता येईल असा लोखंडी रंधा विकसित केला. १८६९ मध्ये स्टॅनलीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. रंध्यांना आकारानुसार क्रमांक होते. ४ आणि ५ क्रमांकाचे रंधे प्रत्येक सुताराला लागत, त्यामुळे ते प्रचंड संख्येने बनले आणि आजही सहज सापडतात. क्रमांक १ मात्र इतका लहान, की रोजच्या कामात त्याचा फारसा उपयोग नव्हता. तो कमी खपला आणि १९४० च्या दशकात बंद झाला. म्हणूनच आज तो महाग आहे. थोडक्यात, किंमत वयावर नाही, तर दुर्मिळतेवर ठरते. शंभर वर्षं जुना रंधाही स्वस्त असू शकतो.

रंध्याचं वय कसं ओळखतात?

पेटंटच्या तारखांवरून. स्टॅनलीच्या अनेक रंध्यांच्या लोखंडी अंगावर त्या ओतलेल्या असतात. शेवटची तारीख १९१० ची असेल, तर तो रंधा त्याआधीचा असूच शकत नाही. पात्यावरचा शिक्काही बोलतो. १९२० ते १९३५ च्या सुमाराच्या शिक्क्यात बदामाचा आकार दिसतो. तो कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून आला. संग्राहक त्या रंध्यांना ‘स्वीटहार्ट’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई होती. त्या काळातल्या रंध्यांना पितळेऐवजी पोलादी किंवा कडक रबराची चक्री आढळते.

किंमत कशामुळे घटते?

पहिलं कारण मोडतोड. अंगाला तडा, पातं बाहेर येतं त्या फटीची तुटलेली कड, वेल्डिंगचा जोड किंवा मुठीचा उडालेला तुकडा दिसला की भाव कोसळतो.

दुसरं कारण भेसळ. दोन-तीन मोडक्या रंध्यांचे भाग जोडून एक रंधा उभा केलेला असतो. अंग १९१० चं आणि पातं १९५० चं असेल, तर तो वापरायला चांगला असला तरी संग्राहक त्याला पूर्ण दाम देत नाहीत.

तिसरं कारण अपुरेपणा. स्टॅनलीचा ५५ क्रमांकाचा रंधा १८९७ पासून १९६२ पर्यंत बनत होता. नक्षीच्या पट्ट्या काढण्यासाठी त्याच्यासोबत पन्नासहून जास्त पाती चार खोक्यांत येत. सगळी पाती, सुटे भाग आणि मूळ खोकी असतील, तर किंमत खूप वाढते.

घासून चकचकीत केला तर?

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. आजोबांची हत्यारं हाती आली की घरचे तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन बसतात. त्यात मूळ काळा मुलामा, शिक्का आणि लोखंडावर चढलेली जुनी झाक निघून जाते. ती परत आणता येत नाही. म्हणून कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, तेलाचा हलका हात फिरवावा आणि तिथेच थांबावं.

नकली रंधेही असतात?

असतात, आणि जिथे पैसा जास्त तिथेच. क्रमांक १ च्या रंध्याला पातं डावी-उजवीकडे कलतं करण्याची तरफ कधीच नव्हती. ‘क्रमांक १’ म्हणून विकायला आलेल्या रंध्यावर ती दिसली, तर सावध व्हावं.

मग भाव कसा काढायचा?

ऑनलाइन विक्रेता सांगतो ती त्याची अपेक्षा असते. खरा भाव म्हणजे तसाच रंधा, तशाच अवस्थेत, प्रत्यक्षात कितीला विकला गेला तो आकडा. त्यामुळे पूर्ण झालेले व्यवहार आणि लिलावांचे निकाल पाहावेत, एकाच व्यवहारावर विसंबू नये.

परदेशात पाठवायचा असेल तर मूठही तपासावी. जुन्या मुठी बऱ्याचदा रोझवूडच्या असतात. ब्राझिलियन रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत, त्यामुळे कागदपत्रांशिवाय पाठवलेली वस्तू कस्टममध्ये अडकू शकते.