गावच्या शाळेचा मास्तर गावातूनच

देवळाची बांधणी, वेदी, घंटा आणि धर्मगुरूंची परंपरा यांचे वर्णन या पुस्तिकेत इतरत्र यथोचित येईलच. आम्ही येथे एका निराळ्या परंपरेचा मागोवा घेऊ इच्छितो. नगर जिल्ह्यातील (2024 पासून अहिल्यानगर) मिशनच्या कित्येक गावांत देवळाच्या आधी शाळा आली. किंबहुना एकच खोली आठवडाभर शाळा आणि रविवारी प्रार्थनामंदिर असे. त्या खोलीत शिकविणारा मास्तर कोठून आला? पुष्कळदा त्याच खोलीच्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मुलांतून तो उठून आला. तो कसा उठला आणि त्याच्याबरोबर बसलेल्यांपैकी किती जण उठू शकले नाहीत, हे सांगणे हा या लेखाचा विषय होय.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे ही रीत मिशनने आणलेली नव्हे. इंग्रजी अंमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत हीच वहिवाट होती. पंतोजी एक, मुले पंधरा-वीस, आणि कोणी पाच वर्षांचा तर कोणी चौदा वर्षांचा. तेव्हा पंतोजी मोठ्यांकडून मोडी व हिशेब करून घेई आणि ती मुले धाकट्यांचा हात धरून धुळाक्षरे गिरवून घेत. पाटीवर बारीक धूळ पसरावी, बोटाने अक्षर काढावे, पुसावे, पुन्हा काढावे. संध्याकाळी परवचा होई. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी खड्या सुरात सांगे आणि बाकीची शाळा त्याच्यामागून म्हणे. परवचा सांगणाऱ्यास वेतन नव्हते, पण मान होता. शिवाय जे आपण दुसऱ्यास सांगतो ते आपल्यास सहसा विसरत नाही, हा लाभ त्यास फुकट मिळे. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी 1823 मध्ये मद्रास सरकारास पाठविलेल्या अहवालात या देशी रीतीची वाखाणणी करून, इंग्लंडाने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असा अभिप्राय दिला आहे.

इंग्लंडाने अनुकरण केले ते कसे, ही हकीकत आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी 1789 मध्ये एक आश्रम निघाला. त्याचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट पाद्री होते. एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना त्यांच्या दृष्टीस पडली, व आपल्या शाळेतही तसेच करावे असे त्यांनी सांगितले. पगारी सहायक शिक्षकास ते पटले नाही. तेव्हा बेलसाहेबांनी तो वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या, साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हवाली केला. जे मोठ्या माणसाच्या हातून होईना ते त्या पोराने करून दाखविले. बेलसाहेबांनी 1797 मध्ये लंडनमध्ये या प्रयोगाचे पुस्तक छापले. 1798 मध्ये जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोडवर अशाच धर्तीची शाळा काढली आणि एका मास्तरास शेकडो मुले सांभाळता येतात अशी या पद्धतीची कीर्ती झाली. पुढे 1815 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत तीच पद्धत विलायती म्हणून आली! आमच्याच ओसरीवरची वस्तू साहेबाची टोपी घालून परत आली, तेव्हा आम्हीच तिला ओळखले नाही.

असो. या पद्धतीचा गुण आणि दोष एकच होता, तो म्हणजे स्वस्ताई. दहा वर्षांच्या मुलाकडून वर्ग चालविला म्हणजे पगार वाचतो खरा. परंतु त्या मुलाचे स्वतःचे शिक्षण कोठे राहिले? ज्याला आजचा धडा काल कळला, तो उद्याचा धडा कोणाकडून शिकणार? हा आक्षेप इंग्लंडात कित्येक वर्षे घेतला गेला, आणि 1846 मध्ये जेम्स के-शटलवर्थ यांच्या योजनेने त्यावर तोड निघाली. तेरा वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींस पाच वर्षे शिकाऊ शिक्षक म्हणून बांधून घ्यावे. प्रारंभी सालीना दहा पौंड, शेवटी वीस पौंड विद्यावेतन द्यावे. शाळा सुटल्यावर मुख्य शिक्षकाने त्यांस रोज वेगळे शिकवावे. आणि अखेरीस परीक्षा उतरणाऱ्यांस शिष्यवृत्ती देऊन अध्यापनशाळेत पाठवावे. म्हणजे मदतनिसाच्या पायरीला प्रथमच वरची पायरी जोडली गेली. 19 जुलै 1854 च्या वुडसाहेबांच्या खलित्याने हिंदुस्थानातही हाच मार्ग धरावा असे सुचविले व खाजगी शाळांस सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. आमच्या मिशनशाळांचा पाया, कागदोपत्री पाहू जाता, या खलित्यात आहे.

परंतु कागदाहून निराळे एक कारण होते आणि आमच्या मते तेच खरे. मिशनच्या गावांतील बहुतेक कुटुंबे त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतील. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला असता तो नाकारला गेला. याला चाळीसांहून अधिक वर्षे लोटल्यावरही साताऱ्याच्या शाळेत डॉ. आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत आणि त्यांस नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. जेथे मुलास स्पर्श करणेच निषिद्ध, तेथे त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेणार कोण? बाहेरचा मास्तर वस्तीत पाऊल टाकावयास तयार नसे. टाकले तरी तेथे पाणी पीत नसे. म्हणून मास्तर वस्तीतूनच तयार होणे प्राप्त होते. हे काम या जिल्ह्यात आमच्या आधी अमेरिकन मिशनने 1831 पासून आरंभिले होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. त्याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या नगरच्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले.

कॅथलिक मिशनचे काम या भागात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविले. एकेका धर्मगुरूकडे अनेक खेडी. वाहन घोडा किंवा बैलगाडी. पावसाळ्यात नदीनाले भरले म्हणजे तेही बंद. अशा स्थितीत दिवसा शाळा, संध्याकाळी प्रार्थना आणि धर्मशिक्षण, आजाऱ्याजवळ प्रार्थना आणि मयतास माती, या सर्व गोष्टी मास्तरावर येत. शिवाय सावकाराचे खत वाचून दाखविणे, तगाईचा अर्ज लिहिणे, मुंबईच्या गिरणीत गेलेल्या मुलाचे पत्र वाचणे हीही त्याचीच कामे. राहुरी तालुक्यातील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. ते वाचता येणारे घर ज्या वस्तीत एकही नव्हते, तेथे ते मास्तराच्या तोंडून ऐकावयाचे.

आता हा मास्तर घडे कसा ते पाहू. पहिली पायरी म्हणजे मोठ्या यत्तेतल्या हुशार मुलाने बिगारीची मुले सांभाळणे. हजेरी मांडावी, खडू-पाट्या वाटाव्या, बाराखडी घोकून घ्यावी, रडणाऱ्यास घरी पोहोचवावे. ‘दिपोटी’ (शाळातपासनीसास खेड्यात हेच नाव होते) येणार म्हटले म्हणजे शाळा सारवून घेणे आणि लहानग्यांकडून कविता पाठ करविणे हेही त्याकडेच. त्याच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान अवलंबून, तेव्हा त्या दिवशी मास्तराइतकाच हा मुलगाही घाबरलेला असे. दुसरी पायरी मिशनच्या बोर्डिंगची. गावच्या शाळेत वरच्या यत्ता नसल्यामुळे मुलास घर सोडावे लागे. तिसरी पायरी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. ‘फायनल झालेला’ या दोन शब्दांना खेड्यात केवढे वजन होते हे आजच्या पदवीधरांस सांगूनही समजणार नाही. फायनलनंतर शाळेवर नेमणूक होई, पण ‘अनट्रेंड’ म्हणून; ट्रेनिंग कॉलेजात एक, दोन किंवा तीन वर्षे काढली म्हणजे त्या त्या वर्षाचा ‘ट्रेंड’ शिक्षक होई व पगार वाढे.

गावी परत आलेल्या मास्तरास एक निराळीच परीक्षा द्यावी लागे. पिकते तेथे विकत नाही. काल ज्याला सारी वस्ती ‘अरे’ म्हणे, ज्याला लोकांनी शेरडे हाकताना पाहिले, त्याला आज ‘मास्तर’ म्हणावयाचे कसे? नासरेथच्या लोकांनी प्रभूविषयी काय म्हटले ते सर्वांस ठाऊक आहे. त्यात भाऊबंदकी असली तर विचारूच नका. चुलत्याच्या पोरास छडी मारली की घरात वाद. उलट, मूल शाळेत आले नाही तर ते पाटात मासे धरीत आहे, की आईबरोबर निंदणीस गेले आहे, की घरी पीठच नाही, हे परक्या मास्तरास महिन्यात कळले नसते ते याला सकाळीच कळे. आणि त्याची बायको थोडीफार शिकलेली असली की ती ‘मास्तरीणबाई’ होऊन मुलींस ओटीवर बसवी. आमच्या मते मुलींच्या शिक्षणाचे पुष्कळसे श्रेय या बिनपगारी मदतनीस बायांस आहे, आणि ज्युबिलीच्या पुस्तिकांत त्यांची नावे क्वचितच येतात.

पण उठू न शकलेल्यांचे काय? पायऱ्या होत्या, तरी दोन पायऱ्यांमधील अंतर सर्वांस सारखे नव्हते. ज्याच्या घरी दोन हातांची गरज होती तो मुलगा बोर्डिंगात गेला नाही. ज्याचा बाप दुष्काळात स्थलांतर करी त्याची फायनल हुकली. असा मुलगा बिगारी सांभाळण्यात हुशार ठरला म्हणजे शाळेस तो सोयीचा होई, आणि सोयीचा झाला म्हणूनच तेथेच राही. ‘उत्तम काम करतो’ या प्रशस्तीने किती जणांची वाट अडली असेल! के-शटलवर्थ यांनी विद्यावेतन आणि रोजचे वेगळे शिक्षण यांचा आग्रह धरला तो याचसाठी. जेथे या दोन गोष्टी गळाल्या तेथे मदतनीस हा स्वस्त नोकरच राहिला.

या मास्तरांची खरी किंमत पहिल्या महायुद्धात कळली. 1914 नंतर जर्मन धर्मगुरूंस सरकारने अटकेत ठेवले व पुढे देशाबाहेर पाठविले. 1907 पासून पुण्याचे बिशप असलेले डोरिंग महाराज त्या वेळी युरोपात होते; त्यांस परत येऊ दिले नाही. पुढे ते जपानात गेले आणि 1927 मध्येच पुन्हा पुण्यास आले. जे थोडे धर्मगुरू उरले त्यांस प्रत्येक खेड्यात पोहोचणे अशक्य होते. अशा काळात जी प्रार्थना आणि जी बाराखडी गावात टिकली, ती गावातल्या माणसाच्या आधारावर टिकली, हे उघड आहे.

स्वातंत्र्यानंतरचे थोडक्यात. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या, डी.एड्. ची अट, 2000 पासून शिक्षणसेवक योजना, 2010 पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा आणि 2013 पासून राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा. यांमुळे वशिला काही अंशी आटला आणि अशिक्षित माणसाच्या हाती वर्ग जाईनासा झाला, हे चांगलेच झाले. मात्र शाळेतल्याच मदतनिसाने हळूहळू शिक्षक होण्याची जुनी वाट बंद झाली.

ती एका ठिकाणी मात्र उघडी राहिली आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस या दोन्ही जागांवर स्थानिक स्त्रियांचीच नेमणूक होते. मदतनिसाने खोली झाडावी, मुलांस घरून आणावे, खिचडी शिजवावी. आणि सेविकेची जागा रिकामी झाली असता, शिक्षणाची अट पुरी असल्यास, तीच पुढे सेविका होऊ शकते. मानधन तुटपुंजे आहे आणि अट पुरी करण्यास लागणारी पुस्तके व सवड तिला कोणी देत नाही. मुले तिला मावशी म्हणतात. त्याच खोलीत, त्याच मुलांच्या तोंडून, ती एके दिवशी ‘बाई’ होते.